गिफ्ट व्हाउचरने किराणा स्वस्तात: आधी कार्ट भरा, मग व्हाउचर घ्या

बरेच जण विचारतात की गिफ्ट व्हाउचर (आधी पैसे भरून घेतलेला कोड, जो दुकानात किंवा अ‍ॅपवर पैशांसारखा चालतो) घेतलं, कार्डाने घेतलं, कॅशबॅकही दिसला, तरी महिन्याचं किराण्याचं बिल कमी का होत नाही. कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असतं, क्रम उलटा झालेला असतो. ५ टक्के सूट दिसली म्हणून आधी व्हाउचर घेतात आणि मग ते संपवायला वस्तू शोधत बसतात. त्यात दोन चिप्सची पाकिटं, एक नको असलेला सॉस आणि डिलिव्हरी फी गेली की सूट कधीच संपलेली असते.

खाली सगळा क्रम लिहितोय. पायरी गाळू नका आणि पुढची आधी करू नका, बाकी फार अवघड काही नाही.

सुरुवातीआधी: हे तीन शब्द नीट वेगळे करा

लोक "ऑफर" म्हणून सगळं एकत्र करतात, म्हणून हिशोब चुकतो.

सूट म्हणजे १००० चं व्हाउचर ९५० ला मिळणं. हे पैसे त्याच क्षणी वाचतात, इथे वाट बघायची नाही.

कॅशबॅक म्हणजे तुम्ही दिलेल्या ९५० वर कार्ड किंवा अ‍ॅप नंतर काही परत देणार ते. यात "खरा" कॅशबॅक तोच जो कार्डाच्या बिलात किंवा बँकेत वळता होतो. "पुढच्या खरेदीवर १०० रुपये" हा कॅशबॅक नाही, ते कूपन आहे, हिशोबात त्याची किंमत शून्य धरा. वापरलं गेलं तर चांगलंच.

पॉइंट म्हणजे कार्डाने खरेदी केली की जमा होणारे गुण, थेट पैसे नाहीत. एका पॉइंटची किंमत कार्डागणिक वेगळी असते, काही कार्डांवर २०-२५ पैसे, काहींवर रुपया. "५०० पॉइंट मिळाले" ऐकून खूश व्हायच्या आधी ते बिलात वळते केले तर किती रुपये होतात ते कार्डाच्या अ‍ॅपमध्ये बघा आणि तोच आकडा धरा.

अजून एक, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. क्रेडिट कार्डाचं बिल दर महिन्याला पूर्ण भरत नसाल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. थकबाकीवर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, त्या व्याजावर वर १८ टक्के जीएसटी, आणि आपण इथे पाच-सहा टक्क्यांसाठी धडपडतोय. आधी थकबाकी संपवा, तोवर डेबिट कार्डाने किंवा यूपीआयने मिळते तेवढी नुसती सूट घ्या.

पायरी १: महिन्याची यादी तीन भागांत करा

मागच्या दोन-तीन महिन्यांची बिलं काढा. अ‍ॅपवरची ऑर्डर हिस्टरी, दुकानातल्या पावत्या, जे असेल ते. मग यादी तीन भागांत टाका.

पहिला भाग पाकिटातला माल: तेलाची पिशवी, पिठाचं पॅकेट, चहा, साबण, डिटर्जंट, टूथपेस्ट, बिस्किटं, डायपर. ब्रँड ठरलेला, माल सगळीकडे सारखाच. व्हाउचरचा खरा फायदा इथे.

दुसरा भाग धान्य-कडधान्य: तूरडाळ, तांदूळ, शेंगदाणे, गूळ, रवा, पोहे. इथे प्रत बदलली की भाव बदलतो, म्हणून तुलना जपून करा. आणि वर्षाचं गहू-तांदूळ एकदम भरत असाल, पुण्यात मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून किंवा वाशीच्या धान्य मार्केटमधून किंवा गावाकडून थेट, तर ते तसंच चालू ठेवा. पोत्याच्या भावाशी अ‍ॅपचं पाच किलोचं पाकीट व्हाउचर लावूनसुद्धा बरोबरी करत नाही.

तिसरा भाग ताजा माल: भाजी, फळं, दूध. हा भाग माझ्या मते व्हाउचरच्या हिशोबात धरूच नये. मंडईतल्या आणि अ‍ॅपवरच्या भाजीच्या भावात रोज एवढा फरक पडतो की ५ टक्क्यांना काही अर्थ राहत नाही.

पहिल्या भागाची महिन्याची बेरीज काढा आणि त्यात दुसऱ्या भागातलं जे तुम्ही खरंच अ‍ॅपवरून किंवा मोठ्या स्टोअरमधून घेता तेवढंच मिळवा. हा आला तुमचा व्हाउचरचा आकडा. समजा ४८०० आला, तर त्या महिन्यात ४८०० च्या वर एक रुपयाचं व्हाउचर घ्यायचं नाही. दिवाळीच्या महिन्यात फराळाचं सामान असतं, बेसन, मैदा, तूप, साखर, सुकामेवा, तेव्हा आकडा वाढेल, पण तोसुद्धा यादी करून वाढू द्या.

⚠️ जुनी बिलं वापरताना तारीख बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ टक्क्यांवरून ५ वर आले, तूप-लोणी १२ वरून ५ वर. त्याआधीच्या बिलातला भाव "नेहमीचा भाव" म्हणून धरलात तर आजचा साधा भावही तुम्हाला ऑफर वाटेल.

पायरी २: भाव वजनावर लावा, पाकिटावर नाही

इथे अर्धा तास घालवा, पुढचे सहा महिने तो कामी येतो.

यादीतल्या सगळ्या वस्तूंचे भाव बघायची गरज नाही. ज्या आठ-दहा वस्तूंवर तुमचे सगळ्यात जास्त पैसे जातात तेवढ्याच घ्या. तेल, तूप, चहा, डिटर्जंट, तांदूळ, डाळ, असं काहीतरी निघेल. प्रत्येकीचा भाव तीन ठिकाणी बघा: नेहमीचा वाणी, जवळचं मोठं स्टोअर, आणि ज्या अ‍ॅपचं व्हाउचर घ्यायचा विचार आहे ते अ‍ॅप.

पाकिटावर आता एमआरपीच्या आसपास दर ग्रॅमचा, दर किलोचा किंवा दर लिटरचा भावही छापलेला असतो, किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटावर ग्रॅमचा, जास्त असेल तर किलोचा. तो वाचा. पण लक्षात घ्या, तो भाव एमआरपीवर काढलेला असतो, तुम्ही देताय त्या किमतीवर नाही, म्हणून दोन पाकिटांची तुलना करताना शेवटची किंमत भागिले वजन हे स्वतःच करा. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर दहा सेकंदांचं काम आहे.

आणि अ‍ॅपवर वजनं जरा विचित्र असतात. दुकानात १ किलोचं पॅकेट घेता ते अ‍ॅपवर ९०० ग्रॅमचं दिसेल, तेलाची पिशवी १ लिटर आहे की ९१० ग्रॅम की ८७० ग्रॅम हे बारीक अक्षरात असतं. एक लिटर खाद्यतेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, म्हणजे ८७० ग्रॅमची पिशवी लिटरपेक्षा कमी आहे. दिसायला दोन्ही पिशव्या सारख्याच.

✅ पुढे जायच्या आधी बघा: अ‍ॅपवरचा भाव तुमच्या वाण्यापेक्षा ६-७ टक्क्यांनी जास्त असेल आणि व्हाउचरवर सूट ५ टक्के असेल, तर त्या वस्तूपुरता विषय संपला. वाण्याकडूनच घ्या.

पायरी ३: कार्ट पूर्ण भरा, पण पैसे भरू नका

आता अ‍ॅप उघडा, यादीतलं सगळं टाका आणि पेमेंटच्या पानापर्यंत जा. तिथे थांबा. या पानावर चार गोष्टी बघून लिहून घ्यायच्या.

१. सगळ्या फी धरून शेवटची रक्कम. डिलिव्हरी, हँडलिंग, छोट्या ऑर्डरवरचा चार्ज, पाऊस असला की पावसाचा चार्ज. दहा मिनिटांत माल देणाऱ्या अ‍ॅपवर लोक आठवड्यात चार वेळा दोनशे-तीनशेची ऑर्डर करतात आणि प्रत्येक वेळी पंधरा-वीस रुपये फी देतात, म्हणजे तिथेच ६-७ टक्के गेले. व्हाउचरचा फायदा मोठ्या, ठरवून केलेल्या ऑर्डरवर आहे, फुटकळ ऑर्डरवर नाही.

२. कुठली बँक ऑफर दिसतेय, किती टक्के, जास्तीत जास्त किती रुपये, कमीत कमी बिल किती.

३. गिफ्ट कार्ड किंवा व्हाउचरने पैसे भरले तर ती बँक ऑफर लागते का. बहुतेक वेळा उत्तर "नाही" असतं, कारण बँकेची सूट बँकेच्या कार्डाने भरलेल्या रकमेवर असते.

४. अ‍ॅपचं कूपन व्हाउचरसोबत चालतं का. कूपन बरेचदा चालतं, कारण ते बिलावर लागतं, पेमेंटवर नाही. पण "फक्त अमुक पेमेंटवर" असं लिहिलेलं कूपन चालत नाही.

आता हिशोब. समजा कार्ट २४०० ची आहे. बँक ऑफर: १० टक्के, जास्तीत जास्त १५० रुपये, कमीत कमी बिल २०००. आणि व्हाउचर ५ टक्के सुटीत मिळतंय, ५००, १००० आणि २००० मध्ये. तुमचं कार्ड सगळीकडे १ टक्का देतं असं धरू.

बँक ऑफर घेतली तर १५० थेट कमी, उरलेल्या २२५० वर १ टक्का म्हणजे २२.५०. एकूण १७२.५०.

व्हाउचर घेतलं तर २००० चं १९०० ला, म्हणजे १०० सूट, १९०० वर १९ रुपये, वरचे ४०० कार्डाने, त्यावर ४ रुपये. एकूण १२३. इथे बँक ऑफर जिंकली.

आता कार्ट ४८०० ची करा. बँक ऑफरची मर्यादा तीच, १५० आणि ४६५० वर ४६.५०, एकूण १९६.५०. व्हाउचर ४५०० चं घेतलं तर २२५ सूट, ४२७५ वर ४२.७५, वरच्या ३०० वर ३ रुपये. एकूण २७०.७५. इथे व्हाउचर जिंकलं.

बँक ऑफरला वर झाकण असतं, व्हाउचरच्या टक्क्याला नसतं. म्हणून ऑफरच्या मर्यादेच्या आसपासचं छोटं बिल असेल तर बँक ऑफर बघा, मोठं बिल असेल तर व्हाउचर. दोन्हीचा फायदा घ्यायचा तर ऑर्डर दोन भागांत करता येते, एक बँक ऑफरपुरती आणि दुसरी व्हाउचरची, पण मग दोनदा डिलिव्हरी फी लागत नाही ना ते बघा.

⚠️ "५ टक्के अधिक १ टक्का म्हणजे ६ टक्के" हे बरोबर नाही. १ टक्का तुम्ही दिलेल्या ९५० वर मिळतो, १००० वर नाही. खरा आकडा ५.९५. फरक छोटा आहे, पण सुटीचे टक्के वाढले की तोही वाढतो, म्हणून नेहमी "शेवटी खिशातून किती गेले" हाच आकडा काढा.

पायरी ४: व्हाउचरच्या अटी वाचा, घ्यायच्या आधी

व्हाउचर दोन जातीचे. एक, एकाच ब्रँडचं, त्याच दुकानात किंवा अ‍ॅपवर चालणारं. दुसरं, अ‍ॅमेझॉन पे सारखं, खात्यात शिल्लक जमा होते आणि तिथल्या किराण्यापासून मोबाइल रिचार्जपर्यंत बऱ्याच गोष्टींना चालते. दुसऱ्या जातीवर सूट कमी मिळते, कारण ते जवळजवळ पैशासारखंच वापरता येतं. पहिल्या जातीवर सूट जास्त, पण पैसे एका जागी अडकतात.

रिझर्व्ह बँकेच्या २०२१ च्या नियमांनुसार गिफ्ट प्रकारच्या प्रीपेड कार्डात जास्तीत जास्त १०,००० रुपये असू शकतात, ते परत भरता येत नाही, त्यातून रोख काढता येत नाही किंवा दुसऱ्याच्या खात्यात पाठवता येत नाही, आणि मुदत कमीत कमी एक वर्ष असते. पण फक्त स्वतःच्याच दुकानात चालणारी ब्रँडची कूपनं या नियमांत येत नाहीत, म्हणून त्यांची मुदत सहा महिने, तीन महिने अशीही असू शकते. "व्हाउचर एक वर्ष चालतंच" असं धरून चालू नका, समोरच्या व्हाउचरवर काय लिहिलंय ते वाचा.

अटींमध्ये हे शोधा:

- दुकानात चालतं, अ‍ॅपवर चालतं, की दोन्हीकडे. नाव एकाच ग्रुपचं असलं तरी दुकानातलं व्हाउचर अ‍ॅपवर चालेलच असं नाही.
- एका बिलाला किती व्हाउचर लावता येतात. मर्यादा तीन असेल आणि तुम्ही ५०० ची नऊ घेतली तर काउंटरवर मागे रांग लागलेली असताना अडकाल.
- एकदाच वापरायचं की थोडं थोडं. एकदाच असेल तर ४२० च्या बिलाला ५०० चं व्हाउचर लावलं की ८० रुपये गेले. मग सूट ५ टक्के नाही, तोटा ११ टक्के.
- कुठल्या वस्तूंना चालत नाही. सोन्याची नाणी, बेबी फूड, कधी कधी तेल-साखरसुद्धा.
- रद्द होतं का. जवळजवळ नेहमी "नाही".

पायरी ५: कुठल्या कार्डाने घ्यायचं

व्हाउचरच्या सुटीवर कार्डाचा दुसरा फायदा इथेच मिळतो, आणि इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहेत.

कार्ड कंपनीला तुम्ही आत काय घेतलं ते दिसत नाही, तिला दुकानाचा चार आकडी प्रकार-कोड दिसतो. किराणा दुकानाचा कोड ५४११. तुमचं कार्ड "किराण्यावर ५ टक्के" देत असेल तर ते या कोडवर देतं. तुम्ही किराण्याचं व्हाउचर एखाद्या व्हाउचर विकणाऱ्या अ‍ॅपवरून घेतलं तर कोड त्या अ‍ॅपचा लागतो, किराण्याचा नाही, आणि ते ५ टक्के मिळत नाहीत. वॉलेट किंवा प्रीपेड कार्ड भरणं म्हणून ६५४० कोड लागला तर बऱ्याच कार्डांवर काहीच मिळत नाही.

दोन ठोस उदाहरणं देतो. फ्लिपकार्ट अ‍ॅक्सिस कार्ड फ्लिपकार्टवरच्या खरेदीला कॅशबॅक देतं, पण तिथे गिफ्ट कार्ड घेतलं तर ती खरेदी वगळलेल्या यादीत आहे. आणि स्विगी एचडीएफसी कार्ड २०२३ मध्ये आलं तेव्हा त्यात स्विगीवर, म्हणजे किराणा देणाऱ्या त्यांच्या इन्स्टामार्टवरसुद्धा, १० टक्के कॅशबॅक होता, महिन्याला १५०० च्या मर्यादेत, पण स्विगी मनी वॉलेटचे व्यवहार त्यातून वगळलेले. आता असं कार्ड हातात असताना कोणी ४-५ टक्के सुटीत स्विगीचं व्हाउचर घेऊन इन्स्टामार्टचं बिल भरत असेल तर तो १० टक्के सोडून ५ टक्के घेतोय. लोक हे खरंच करतात, कारण व्हाउचरची सूट लगेच दिसते आणि कार्डाचा कॅशबॅक महिन्याने येतो.

काही बँकांची स्वतःची व्हाउचर विकायची पानं आहेत, उदाहरणार्थ एचडीएफसीचं स्मार्टबाय, जिथे गिफ्टर (GyFTR) या व्हाउचर विकणाऱ्या साइटवरून व्हाउचर घेतलं की काही कार्डांवर जादा पॉइंट मिळतात. चांगली सोय आहे, पण तिथे महिन्याची मर्यादा असते आणि नियम वरचेवर बदलतात, त्यामुळे मागच्या दिवाळीत मित्राने सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका, त्या दिवशीचं पान बघा.

जीएसटीचंही एक बघून घ्या. व्हाउचरच्या दर्शनी किमतीवर, म्हणजे त्यावर लिहिलेल्या रकमेवर, जीएसटी लागत नाही. ३१ डिसेंबर २०२४ च्या परिपत्रकात सरकारने व्हाउचरचा व्यवहार म्हणजे मालाचा किंवा सेवेचा पुरवठा नाही हे स्पष्ट केलंय. पण अ‍ॅपने "कन्व्हिनियन्स फी" लावली तर त्या फीवर १८ टक्के लागतो. क्रेडिट कार्डाने भरलं की २ टक्के फी अधिक जीएसटी असं असेल तर १००० वर २३ रुपये ६० पैसे तिथेच गेले.

✅ बघा: कार्डाच्या अ‍ॅपमध्ये "वगळलेले व्यवहार" ही यादी उघडा. त्यात गिफ्ट कार्ड, वॉलेट, प्रीपेड यापैकी शब्द दिसला तर कार्डाचा कॅशबॅक शून्य धरून पायरी ३ चा हिशोब परत करा. तरीही व्हाउचर जिंकत असेल तरच पुढे जा.

पायरी ६: आधी छोटं एक घ्या

नव्या अ‍ॅपवरून किंवा नव्या ब्रँडचं पहिल्यांदा घेताय तर सगळ्यात छोटी किंमत घ्या, १०० किंवा ५०० ची. ते येतं का, किती वेळात येतं, लागतं का, कार्डावर कॅशबॅक पडतो का, हे एक बिलिंग सायकल बघा. घाई असेल तर निदान ते लागतं का एवढं तरी बघूनच मोठं घ्या.

मोठं घेताना रक्कम कार्टपेक्षा थोडी कमी ठेवा, जास्त नाही. ४८०० च्या कार्टला ४५००. वरचे ३०० यूपीआयने. असं का, तर ऑर्डरमधली एखादी वस्तू "स्टॉक नाही" होते आणि बिल ४६५० होतं. ५००० चं घेतलं असतं तर ३५० रुपये अडकले असते, आणि अडकलेले ३५० पुढच्या वेळी तुम्हाला नको ती ऑर्डर करायला लावतात.

कॅशकरोसारख्या कॅशबॅक साइटवरून (त्यांच्या लिंकवरून दुसरीकडे खरेदी केली की थोडे पैसे परत देणाऱ्या) जात असाल तर त्यांच्या लिंकवरूनच जा, मध्ये दुसरा टॅब उघडून कूपन शोधायला जाऊ नका, अ‍ॅडब्लॉकर बंद ठेवा. नाहीतर खरेदीची नोंद होत नाही आणि मग तक्रारीत आठवडे जातात. तो पैसाही लगेच येत नाही, आधी "पेंडिंग" दिसतो, नंतर पक्का होतो, म्हणून पक्का होईपर्यंत वाचवलेल्या पैशांत धरू नका. आणि बऱ्याच दुकानांच्या अटीत असतं की पैसे गिफ्ट कार्डाने भरले तर साइटचा कॅशबॅक नाही. मग दोन्ही एकत्र करायचा प्रयत्न वाया जातो, एकच निवडा.

पायरी ७: कोड आला की लगेच खात्यात जमा करा

ज्या व्हाउचरची शिल्लक खात्यात जमा करता येते ते आल्या आल्या जमा करा. मेसेजमध्ये पडून राहिलेला कोड म्हणजे टेबलावर ठेवलेली नोट, ज्याच्या नजरेला पडेल तो उचलेल. एकदा तुमच्या खात्यात गेला की दुसऱ्याला वापरता येत नाही.

पण जमा करायच्या आधी एकदा बघा की बरोबर खात्यात लॉगिन आहात ना. घरात आईच्या मोबाइलवर तुमचं खातं, तुमच्या मोबाइलवर बायकोचं, असं असतं, आणि एकदा जमा झालेली शिल्लक या खात्यातून त्या खात्यात हलवता येत नाही.

दुकानात वापरायचं व्हाउचर जमा करता येत नसेल तर कोड आणि पिन घरच्या ग्रुपवर टाकू नका. जो दुकानात जाणार त्यालाच पाठवा. वहीत किंवा शीटमध्ये एवढं लिहा: तारीख, ब्रँड, दर्शनी किंमत, दिलेले पैसे, कोडचे शेवटचे चार अंक, मुदत, शिल्लक. पूर्ण कोड लिहू नका.

मुदतीच्या एक महिना आधीची आठवण मोबाइलमध्ये लावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमात येणाऱ्या कार्डांना मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत कंपनीने आठवण द्यावी असं आहे, पण ती आठवण ज्या मेलवर येते तो मेल आपण उघडतो का हा प्रश्नच आहे.

पायरी ८: बिल भरताना

आधी कूपन लावा, मग व्हाउचर, मग उरलेलं यूपीआय किंवा कार्ड. कूपन लागल्यावर बिल कमीत कमी रकमेच्या खाली गेलं का बघा, फ्री डिलिव्हरी गेली का बघा.

दुकानात असाल तर कॅशियरला बिल करायच्या आधीच सांगा, "ताई, व्हाउचर आहेत, तीन." बिल झाल्यावर सांगितलं तर काही ठिकाणी सुपरवायझरला बोलवावं लागतं. बारकोड उघडून ठेवा, मोबाइलचा ब्राइटनेस वाढवा, आणि मेसेजमधली लिंक तिथे रेंज नसेल तर उघडणार नाही म्हणून घरूनच स्क्रीनशॉट काढून न्या. वापरून झाला की तो स्क्रीनशॉट पुसून टाका.

पायरी ९: माल आला की तपासा, कारण रिफंड वेगळा येतो

ही पायरी सगळे गाळतात.

डाळीचं पाकीट फुटलेलं आलं, एक वस्तू आलीच नाही, तर रिफंड मागता. व्हाउचरने भरलेल्या रकमेचा रिफंड बँकेत येत नाही, तो परत त्याच शिलकीत किंवा अ‍ॅपच्या वॉलेटमध्ये जातो. मुदत जवळ आलेल्या व्हाउचरने मोठी ऑर्डर करू नका याचं कारण हेच, परत आलेल्या रकमेला नवी मुदत मिळेल असं धरता येत नाही. अर्धे व्हाउचर, अर्धे यूपीआय असं भरलं असेल तर रिफंड कुठे किती गेला ते दोन्हीकडे बघा.

माल दारात आला की लगेच यादीशी ताडून बघा आणि फोटो काढा. तक्रारीची मुदत ताज्या मालाला फारच कमी असते. अ‍ॅपवाले ऐकत नसतील तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा, ऑर्डर नंबर, व्हाउचर खरेदीची पावती आणि फोटो जवळ ठेवून.

फसवणूक: इथे अजिबात सवलत देऊ नका

टेलिग्रामवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर कोणी २५-३० टक्के सुटीत व्हाउचर विकत असेल तर घेऊ नका. कुठलाही अधिकृत विक्रेता किराण्याच्या व्हाउचरवर एवढी सूट देत नाही, किराण्यात तेवढा नफाच नसतो. अशी व्हाउचर बरेचदा चोरलेल्या कार्डाच्या पैशाने घेतलेली असतात. आज लागलं तरी नंतर शिल्लक गोठते, वर तुमचं खातं बंद होतं. "आधी वापरून बघा, मग पैसे द्या" म्हणणाराही त्यातलाच.

साहेबांच्या नावाने मेसेज येतो, "मीटिंगमध्ये आहे, जरा पाच गिफ्ट कार्डं घेऊन कोड पाठव." साहेबांना फोन करा. फोटो साहेबांचा असला तरी.

कोड कोणी "तपासून देतो" म्हणून मागितला तर देऊ नका, शिल्लक अधिकृत अ‍ॅपवरच बघा. पैसे गेलेच तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, उद्या बघू म्हणू नका, पैसे गोठवायला सुरुवातीचा वेळच कामाचा असतो.

पायरी १०: महिन्याच्या शेवटी एकच भागाकार

व्हाउचरने घेतलेल्या मालाचं एकूण बिल लिहा. त्यासमोर खिशातून खरंच गेलेले पैसे लिहा, म्हणजे व्हाउचरचे दिलेले पैसे, वरचे यूपीआयचे, सगळ्या फी, वजा बिलात खरोखर जमा झालेला कॅशबॅक. न वापरलेली शिल्लक अजून वाचलेली नाही, ती वेगळी ठेवा. मुदत संपून गेलेली रक्कम असेल तर ती खर्चात धरा.

४-६ टक्के वाचत असतील तर उत्तम चाललंय. महिन्याला ४८०० च्या किराण्यावर अडीचशेच्या आसपास येतात, वर्षाचे तीन हजार, एवढीच या प्रकाराची ताकद आहे आणि तेवढी अपेक्षा ठेवली तर ती पूर्ण होते. २ टक्क्यांच्या खाली येत असेल तर फी किंवा अडकलेली शिल्लक यातलं काहीतरी खातंय, पायरी ३ आणि ६ परत बघा.

आणि एकूण किराण्याचा खर्च व्हाउचर सुरू करायच्या आधीच्या महिन्यांपेक्षा वाढला असेल तर टक्के कितीही छान दिसोत, नवीन व्हाउचर घेणं थांबवा, आहे ती शिल्लक यादीतल्याच वस्तूंवर संपवा, आणि पुढच्या महिन्यात पायरी १ पासून परत सुरू करा.